दोरी ओढण्याआधी

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरजवळच्या मोकळ्या मैदानात माझ्या नायट्रो ट्रकची, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या इंजिनाच्या छोट्या ट्रकची, सुरू करायची दोरी माझ्या हातात तुटून आली. पुढचे तीन आठवडे मी तो ट्रक सुरू करण्यातच घालवले. त्या तीन आठवड्यांत कळलेलं इथे लिहून ठेवतोय, कारण इंदुरात हे कुणाला विचारावं असा प्रश्न मला पडला होता आणि तो आणखी कुणालातरी पडणारच.

ट्रक एक-दशांश मापाचा. साधारण अडीच सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, मागे ओढायची दोरी. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात २० टक्के नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल. पेट्रोलच्या गाडीसारखा स्पार्क प्लग याला नसतो, ग्लो प्लग असतो. त्यातली प्लॅटिनमची बारीक गुंडाळी आधी सेलवर चालणाऱ्या इग्नायटरने तापवायची. इंजिन चालू झालं की मिथेनॉलच्या संपर्काने आणि आतल्या उष्णतेने ती आपोआप तापलेली राहते.

त्या दिवशी झालं असं. भाचा म्हणाला, "मामा, इंधन अजून कार्ब्युरेटरपर्यंत पोचलं नाहीये." म्हणून मी सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवून दोरी ओढत राहिलो. बोट ठेवलं की दाब टाकीत जातो आणि इंधन नळीतून पुढे सरकतं. नळी भरलेली दिसताच थांबायला हवं होतं, मी आणखी पाच-सहा वेळा ओढली. मग दोरी मध्येच अडली. मी पाय रोवून जोर लावला आणि ती गाठीपाशी तुटली.

घरी परतल्यावर ट्रक शेजारच्या काकांना दाखवला. त्यांनी आयुष्यभर टू-स्ट्रोक स्कूटरी दुरुस्त केल्यात. त्यांनी दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रक उलटा करून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरचं चाक, अंगठ्याने फिरवायला गेले, ते जागचं हललं नाही. "अरे, आत तेल भरलंय. जोर नको लावू, आधी का अडतंय ते बघ," म्हणाले. ग्लो प्लग काढला, ट्रक पालथा धरला, फ्लायव्हील हळूहळू फिरवलं. प्लगच्या भोकातून इंधन बाहेर आलं, फडक्यावर मोठा डाग पडला. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पिस्टनच्या डोक्यावर इंधन साचलं की पिस्टन वर जायला जागाच नसते. अशा वेळी ओढलं तर दोरी तुटते, आणि दोरी मजबूत निघाली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. माझी दोरी तुटली हे बरंच झालं, असं काका म्हणाले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे इंधन विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. प्लग काढून इंजिन फिरवताना तोंड भोकासमोर नको आणि इग्नायटर जवळ नको. मुलं बरोबर असतील तर हे आधी सांगायचं, ट्रक नंतर काढायचा.

दोरीसाठी सियागंजातून तेवढ्याच जाडीची विणलेली नायलॉनची दोरी आणली. स्टार्टरचं झाकण मात्र बेसावधपणे उघडू नका. आतली पात्याची स्प्रिंग सुटून अंगावर येते, डोळ्याला लागू शकते. आम्ही ते जाड कापडाखाली धरून उघडलं. बसवताना स्प्रिंगला थोडा पीळ आधीच द्यावा लागतो, नाहीतर दोरी परत आत जात नाही. पीळ जास्त झाला तर दोरी पूर्ण बाहेर येण्याआधी स्प्रिंग संपते आणि तिचा आकडा तुटतो. आमचं तिसऱ्या खेपेला जमलं. तेव्हापासून मी दोरी फूटभरच ओढतो, झटपट आणि आखूड.

नवी दोरी सुळसुळीत ओढली जाऊ लागली, फारच सुळसुळीत. भाचा खाली वाकून बघत होता. तो म्हणाला, "मामा, तू ओढतोयस पण चाक फिरतच नाहीये." दोरी येते आणि फ्लायव्हील थांबलेलं राहतं, म्हणजे मधलं वन-वे बेअरिंग घसरतंय. ते एका दिशेने शाफ्टला पकडतं, दुसऱ्या दिशेने मोकळं सोडतं. आतल्या बारीक रोलरांवर जुनं तेल चिकट होऊन बसलं की पकड जाते. मला वाटलं ग्रीस लावावं. काकांनी हात धरला. ग्रीसने ते आणखी घसरलं असतं. स्पिरिटने धुतलं, वाळवलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. शाफ्टवर नखाला लागेल असा चर पडलेला असेल तर धुऊन उपयोग नाही, बेअरिंग आणि शाफ्ट दोन्ही बदलावे लागतात. माझा शाफ्ट गुळगुळीत होता.

बॅकप्लेटचे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या झाकणाचे, स्क्रू परत लावताना समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळायचे. तिथून हवा शिरली तर इंजिन एकसारखं चालत नाही आणि माणूस उगाच कार्ब्युरेटरच्या, इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुया फिरवत बसतो.

आता फ्लायव्हील फिरत होतं, पण इंजिन पेटत नव्हतं. प्लग बाहेर काढून पकडीत धरला आणि इग्नायटर लावला, तर गुंडाळी मंद लाल. ती झगझगीत नारिंगी दिसायला हवी. मीटरवर इग्नायटरचा सेल १.२ व्होल्ट दाखवत होता, म्हणून मी प्लगवरच संशय घेतला होता. पण प्लग दोन-तीन अँपिअर खेचतो, आणि तो भार पडताच म्हातारा सेल बसत होता. भाराविना मोजलेल्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नये. जेल रोडवरून नवा सेल आणला, गुंडाळी उजळली.

शेवटची अडचण थंडीची. सकाळच्या दहा-बारा अंशांत दोरी दर फेरीला एका जागी अडायची, आणि या वेळी आत इंधन साचलेलं नव्हतं. या इंजिनात पितळी स्लीव्हला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीला, आतून क्रोमचा मुलामा असतो, पिस्टन ॲल्युमिनियमचा. स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती ठेवतात. तापली की ती फुलते आणि पिस्टन बरोबर बसतो. थंड असताना मात्र वरच्या टोकाला घट्ट पकडते. केस वाळवायच्या ड्रायरने इंजिनाचं डोकं तीन-चार मिनिटं तापवलं, प्लग अर्धा फेरा सैल केला, दोनदा ओढून पुन्हा आवळला. तिसऱ्या ओढीला पेटलं. अंगणात निळसर धूर आणि इंधनातल्या एरंडेलाचा तो वास! भाच्याने आत धावत जाऊन आजीला बाहेर आणलं.

ओळखीतल्या एकाच्या ट्रकला इलेक्ट्रिक स्टार्टर आहे, ७.२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्यानेही आत इंधन भरलेलं असताना बटण दाबून धरलं आणि गिअरचे दात गेले. मोटर कण्हायला लागली की बटण सोडून प्लग काढायचा, बाकी सगळं माझ्यासारखंच.

आता फ्लायव्हीलवर पांढऱ्या रंगाचा ठिपका आहे. पिस्टन अगदी खाली असतो तेव्हा तो ठिपका जमिनीकडे येतो. ट्रक बंद केला की इंजिन गार व्हायच्या आत ठिपका खाली आणून ठेवायचा, म्हणजे आकसणारी स्लीव्ह पिस्टनला धरत नाही. ते काम भाच्याने स्वतःकडे घेतलंय. परवा मैदानातून निघताना मी विसरलो होतो, तर गाडीत बसण्याआधी तो ट्रकपाशी परत गेला आणि अंगठ्याने चाक फिरवून आला.