चढ चढल्यावर साखर वाढते कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर सकाळी भेटणाऱ्या मंडळींपैकी कोणी ना कोणी, मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले म्हणून, मला एकच प्रश्न विचारते : एवढी मेहनत केल्यावर रक्तातली साखर उतरायला हवी, ती उलट चढते कशी? परवा एका गृहस्थांनी चढ धावत संपवला आणि धापा टाकतच ग्लुकोमीटर काढला. त्यांना मधुमेह नाही, पण घराण्यात आहे, म्हणून ते जपतात. बोट घामेजलेले होते. ते धुऊन, कोरडे करून, पहिला थेंब पुसून दुसरा पट्टीवर घ्यायला लावला, तरी आकडा 148 आला. घरून उपाशीपोटी निघताना तो 97 होता.

यंत्र बिघडलेले नव्हते. आपल्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम 4 ते 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. धावणारे स्नायू ती बघता बघता संपवतील, आणि मेंदूला तर तिच्यावाचून चालत नाही. ही तूट यकृत भरून काढते. पोटभर जेवलेल्या माणसाच्या यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीच्या रूपातली साखर, साठलेले असते. साखर घटली की यकृताला जाग येत असावी, असे बहुतेकांना वाटते. पण जोराच्या व्यायामात यकृत तिच्या घटण्याची वाट पाहत नाही. स्नायूंना हालचालीचा आदेश देणारी मेंदूतील केंद्रे त्याच वेळी अनुकंपी मज्जासंस्थेलाही, म्हणजे धावपळीसाठी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यालाही, कामाला लावतात; तिच्यामुळे मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात, स्वादुपिंडातून साखर उतरवणारे इन्सुलिन कमी स्रवते, आणि यकृत स्नायूंच्या मागणीपेक्षाही अधिक साखर रक्तात ओतते.

मेंदूचा यकृताशी असा काही संबंध आहे, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी 1849 मध्येच दाखवले होते : सशाच्या मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या बुडाला सुई टोचताच त्याच्या लघवीत साखर उतरली. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो 1987 मधला डेन्मार्कचा प्रयोग. क्युरारे जातीच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या, औषधाच्या अल्प मात्रेने तरुणांचे स्नायू थोडे दुबळे केले आणि त्यांना सायकल चालवायला लावली. काम तेवढेच, पण ते करण्यासाठी मनाचा जोर कितीतरी अधिक लावावा लागला. आणि जोराच्या व्यायामात त्यांच्या रक्तातील अ‍ॅड्रेनालिनही वाढले, यकृतातून बाहेर पडणारी साखरही वाढली. यकृताने स्नायूंच्या कामापेक्षा मेंदूच्या प्रयत्नाचा हिशेब धरला होता. हा प्रयोग वर्गात सांगताना माझा आवाज दर वर्षी थोडा चढत असे.

मग यकृतात शिरणाऱ्या मज्जातंतूंवाचून काहीच होत नाही, असे समजू नये. यकृताचे प्रत्यारोपण झालेल्या माणसात हे तंतू तुटलेले असतात, तरीही व्यायाम करताना त्याचे यकृत निरोगी माणसासारखीच साखर पुरवते. मध्यम गतीच्या व्यायामात मुख्य काम होते ते इन्सुलिन उतरल्याने आणि त्याच्या उलट, साखर वाढवणारे ग्लुकागॉन चढल्याने. ही दोन्ही संप्रेरके स्वादुपिंडातून थेट यकृताच्या रक्तवाहिनीत जातात. म्हणजे मज्जासंस्थेचा निरोप यकृताला तंतूंवाटे पोहोचतो त्यापेक्षा स्वादुपिंड आणि अधिवृक्क ग्रंथींमार्फत अधिक पोहोचतो, असे मी समजतो. अंबाझरीच्या काठाने रमतगमत चालणाऱ्याच्या साखरेत अशी उसळी सहसा दिसत नाही, कारण त्याला मनाचा तेवढा जोर लावावाच लागत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हा आकडा पाहून सुईची मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, कारण त्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनी, कधी रात्री झोपेतही, खूप खाली जाऊ शकते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

त्या गृहस्थांना मी तर्री पोह्याच्या गाडीपाशी न थांबता घरी जायला आणि तासाभराने, काही खाण्याआधी, पुन्हा मोजायला सांगितले. त्यांचा फोन आला तेव्हा आकडा 102 होता.