लॉख होर्नची ‘सपाट’ वाट आणि इन्व्हरी गाव

“पाण्याच्या कडेकडेनं जायचं, सपाटच आहे.” ऑफिसातल्या एका स्कॉटिश सहकाऱ्यानं एप्रिलमध्ये हे सांगितलं आणि मी ते खरं मानलं. नकाशातही लॉख होर्न या समुद्राच्या खाडीकाठची (लॉख म्हणजे इथे खाडी) ती वाट निळ्या रंगाला चिकटून जाते. समुद्राला चिकटलेली वाट चढून चढून किती चढणार? जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठीवर चौदा किलो घेऊन चाललो तेव्हा उत्तर मिळालं. तुम्हाला ते फुकटात मिळावं म्हणून हे लिहितोय.

जायचं होतं इन्व्हरीला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नॉयडर्ट नावाचं द्वीपकल्प आहे, त्यातलं शंभर-सव्वाशे वस्तीचं हे गाव. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर असूनही बाहेरून एकही रस्ता तिथे पोचत नाही. गावात सात मैलांचा डांबरी रस्ता आहे, पण तो द्वीपकल्पातच सुरू होतो आणि तिथेच संपतो. मॅलेग बंदरातून बोटीनं जायचं, नाहीतर चालत. बोटीनं काय, कोणीही जाईल, असा माज मला होता. सोबत नाशिकहून सुट्टीला आलेला मेहुणा. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर दर पावसाळ्यात करणारा, म्हणजे पायांचा प्रश्न नव्हता.

पहिला फटका टॅक्सीचा. ग्लासगोहून स्काय बेटाकडे जाणाऱ्या बसनं इन्व्हरगॅरीला उतरलो. तिथून किनलॉख होर्नला, म्हणजे खाडीच्या आतल्या टोकाला जाणारा फाटा बावीस मैलांचा, एकेरी, पुढे कुठेच न निघणारा. टॅक्सीवाल्यानं पंच्याण्णव पौंड घेतले. फोनवर ‘साठ-सत्तर होतील’ म्हणाला होता. उतरताना वाद घातला तर त्यानं थंडपणे विचारलं, “परत रिकामा कोण जाणार?” बरोबर होतं त्याचं, पण मग फोनवर सांगायचं ना! आकडा आधी लिहून घ्या, मेसेजवर. आणि दोघांसाठी टॅक्सी करू नका, चौघं जमवा. स्वतःची गाडी नेलीत तर तिथे लावायचे पैसे पडतात, शिवाय इन्व्हरीहून बोटीनं बाहेर पडायचा बेत बोंबलतो, कारण गाडी डोंगराच्या पलीकडे राहते.

आता ती वाट. किनलॉख होर्न ते बॅरिसडेल, दहा-अकरा किलोमीटर. सुरुवात पाण्यालगत होते आणि आपल्याला वाटतं, सहकारी खरं बोलला. मग समोर खडकाची सोंड येते आणि वाट सरळ वर निघते. वर जाऊन श्वास घेतला की लगेच खाली, पुन्हा समुद्राच्या पातळीला. मग पुन्हा वर. असं तीनदा. तिसऱ्यांदा मेहुणा पाठपिशवीवर बसला आणि म्हणाला, “दाजी, हा सपाट रस्ता कोणाच्या बापाचा?” मी उत्तर दिलं नाही. एकूण चढाई कळसूबाईच्या जवळपासही जात नाही, पण कळसूबाईला एकदा चढलं की चढलं. इथे जेवढं कमावलं तेवढं दर तासाला परत द्यावं लागतं. पायाखाली ओले गोटे, मधून काळी दलदल, ऱ्होडोडेंड्रॉनची दाटी. पाऊस जोरात असेल तर आडवे येणारे ओढे फुगतात आणि पूल नसलेल्या ठिकाणी निमूट बसून राहावं लागतं. पुस्तकी हिशेब चार तासांचा असतो. आम्हाला साडेपाच लागले, आणि आम्ही काही म्हातारे नाही.

याच टप्प्यावर पहिल्यांदा संशय आला की आपल्याला आणखी एका बाबतीत फसवलंय. या भागाची जाहिरात ‘ब्रिटनमधलं शेवटचं अस्पर्श रान’ अशी होते. वाटेत भिंती दिसतात. छप्पर नसलेल्या, नेच्यांनी भरलेल्या, पण चार कोपरे शाबूत असलेल्या. उतारावर लांबट वाफ्यांच्या ओळी दिसतात, माती उपसून रचलेल्या. बटाटे आणि ओट लावायचे ते वाफे आहेत. लॉख होर्नमध्ये हेरिंग मासळीचा हंगाम असायचा आणि होड्यांची गर्दी व्हायची. एवढ्या माणसांनी राबवलेली जमीन अस्पर्श कशी?

बॅरिसडेलला तंबू ठोकला. जागेचे थोडे पैसे द्यावे लागतात, सुटे ठेवा. वारा पडला आणि मिज आले. मिज म्हणजे चिलटांपेक्षा बारीक, चावणारे, हजारोंनी. जाळीची टोपी नसेल तर जूनमध्ये इकडे फिरकूच नका, याच्यावर चर्चा नाही. मी टोपी आणली होती, मेहुण्यानं ‘नाशिकला डास काय कमी आहेत’ म्हणून नाकारली होती. रात्री अकरापर्यंत उजेड, त्यामुळे त्याचा चेहरा सुजताना नीट दिसला. सकाळी पायांवरचे गोचीड तपासा. हरणांच्या मुलखात असतात आणि त्यातून लाइम रोग होतो. चिमटा ठेवा.

दुसऱ्या दिवशी माम बॅरिसडेल ही साधारण 450 मीटरची खिंड ओलांडून इन्व्हरी, चौदा-पंधरा किलोमीटर. चढ एकदाच, पायवाट चांगली, पलीकडे उतरलं की तळ्याकाठचा रस्ता. छान होतं. लोक या खिंडीला घाबरतात आणि आदल्या दिवसाला हसण्यावारी नेतात, ते उलट करा. खिंडीच्या उत्तरेला 1020 मीटरचा लार वेन हा डोंगर आहे. तो करायचा बेत होता, पण माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखानं नकार दिला.

गावात शिरताना एका टेकाडावर लॉर्ड ब्रॉकेटनं आपल्या घराण्यासाठी उभारलेलं स्मारक दिसतं. खाली गावात, पाण्यासमोरच्या पांढऱ्या घरांच्या ओळीजवळ, दगडांचं दुसरं एक स्मारक आहे, 1991 सालचं. ते त्याच ब्रॉकेटच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या सात माणसांचं. दोन्ही बघा, पण या क्रमानं बघा.

गोष्ट जरा मागून सांगायला हवी. नॉयडर्ट हा ग्लेनगॅरीच्या मॅकडॉनेल घराण्याचा मुलूख. प्रजा गेलिक बोलणारी, कॅथलिक. 1846 नंतर बटाट्यावर रोग पडला, खंड थकले, आणि जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या किफायतशीर वाटू लागल्या. 1853 च्या ऑगस्टमध्ये जोसेफिन मॅकडॉनेलच्या कारभारात इथल्या सुमारे 330 जणांना ‘सिलरी’ नावाच्या जहाजात बसवून कॅनडाला धाडलं. जे गेले नाहीत त्यांची घरं पाडली. लोक भिंतींच्या आडोशाला, खडकांच्या कपारीत राहिले, तिथूनही त्यांना हुसकलं. चारच वर्षांत जमीन विकली गेली, एका लोखंडाच्या कारखानदाराला. एका जहाजात जेवढी माणसं गेली, त्याच्या निम्मीही आज अख्ख्या गावात नाहीत. वाटेतल्या भिंतींचा हिशेब मला इथे लागला आणि त्या ‘अस्पर्श रान’वाल्यांचा खरा राग आला. टॅक्सीवाल्यापेक्षा जास्त.

नंतर मालक बदलत गेले. 1930 च्या दशकात आला हा ब्रॉकेट. हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला 1939 मध्ये बर्लिनला हजेरी लावून आलेला माणूस. त्याला शिकारीसाठी शांतता हवी होती. युद्धात सरकारनं इस्टेट सैनिकी प्रशिक्षणासाठी घेतली, युद्ध संपल्यावर परत त्याच्याच हाती दिली. लढून परतलेल्यांसह सात स्थानिकांनी नोव्हेंबर 1948 मध्ये थेट जमिनीत खुंट्या ठोकल्या: 65 एकर कसायची जमीन आणि 10,000 एकर डोंगर. आधार होता 1919 च्या कायद्याचा, ज्यात परतलेल्या सैनिकांना जमीन द्यायची तरतूद होती. ब्रॉकेट एडिनबरोच्या कोर्टात गेला, मनाई हुकूम आणला. सातही जण हुकूम मानून जमिनीवरून उठले आणि सरकारी चौकशीची वाट बघत बसले. चौकशीचा निकाल विरोधात गेला. उठले नसते तर काय झालं असतं, यावर पबमध्ये अजून वाद होतो. मी स्वतः ऐकला, तोही भर दुपारी.

पुढचा भाग मला माहीतच नव्हता. 1980 च्या दशकात संरक्षण खात्याचा इथे डोळा होता. मग तुकडे पडत, विकले जात इस्टेट आक्रसली आणि नव्वदच्या दशकात जी कंपनी मालक झाली ती टिटाघर, ज्यूटवाली. आपल्या कोलकात्याजवळच्या टिटागढच्या गिरण्यांवरून नाव पडलेली. मेहुण्याचा विश्वासच बसेना. गोणपाटाच्या धंद्यातल्या कंपनीकडे स्कॉटलंडच्या डोंगराची मालकी! शेवटी इस्टेट कर्जापायी विक्रीला निघाली आणि मार्च 1999 मध्ये गावानंच ती घेतली. जवळपास 17,000 एकर, साडेसात लाख पौंडांच्या आसपास. पैसे लोकांच्या देणग्यांतून आणि संस्थांच्या मदतीतून उभे राहिले, सोबतीला हायलंड कौन्सिल हे स्थानिक प्रशासन आणि जॉन म्यूर ट्रस्ट ही निसर्ग जपणारी संस्था होती. मालक आता गावाची संस्था, नॉयडर्ट फाउंडेशन. उत्तरेकडच्या असिंटचे क्रॉफ्टर, म्हणजे खंडानं जमीन कसणारे छोटे शेतकरी, 1993 ला आणि एग बेटाचे लोक 1997 ला हेच करून बसले होते, म्हणजे वाट मळलेली होती. तीही सपाट नसणार.

मालकी मिळाली म्हणजे कामं मिळाली, हे दोन दिवसांत कळतं. देशाच्या वीजजाळ्याशी गाव जोडलेलं नाही. डोंगरातल्या तळ्याच्या पाण्यावर चालणारं जुनं जलविद्युत यंत्र गावकऱ्यांनी दुरुस्त करून चालवलंय. ते बिघडलं की दुसऱ्या कोणाच्या नावानं शिमगा करता येत नाही. हरणं वाढली तर झाडं वाढू देत नाहीत, म्हणून दरवर्षी ठरावीक हरणं मारावी लागतात, तेही यांचंच काम. मांस विकलं जातं. रोपं लावणं, सरपण, पायवाटा, भाड्याची घरं, सगळं बैठकीत ठरतं. बैठका भरपूर असतात. दुकानातल्या बाईंना विचारलं, मालक झाल्यावर काय बदललं? म्हणाल्या, “आधी मालकाला शिव्या घालायचो, आता एकमेकांना घालतो.”

ओल्ड फोर्ज हा पब मुख्य भूमीवरचा सर्वांत दुर्गम पब म्हणून गिनीज बुकात गेलेला. तोही 2022 मध्ये गावानं विकत घेतला, समभाग विकून. कितीही समभाग घ्या, मत एकच. नाव मोठं असल्यानं लोक चालत येऊन थेट दारात कोसळतात. आमच्यासारखे. पण उघडायच्या वेळा आणि जेवणाची टेबलं आधी विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं, पहिल्या रात्री मॅगी खाल्ली. दुसऱ्या रात्री शिंपले खाल्ले. अप्रतिम. किंमत पाहून मी डोळे मिटले, पण तो पैसा याच गावात राहतो म्हणून तक्रार मागे घेतो. टॅक्सीची तक्रार मात्र कायम आहे.

राहायला गावाचंच बंकहाऊस आहे आणि किनाऱ्याला तंबूची जागा आहे. दोन्हीकडे दिलेले पैसे फाउंडेशनच्या कामाला लागतात. स्कॉटलंडमध्ये कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर तंबू ठोकता येतो, म्हणून फुकटात कुठेतरी झोपायचं शहाणपण इथे करू नका. शेवटचा अख्खा दिवस किनाऱ्यानं हिंडलो, कुंभारकामाच्या दुकानात केक खाल्ला, ऊन होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सामानाचं म्हणाल तर घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, दोन काठ्या, कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत, कागदी नकाशा. मोबाइलला बहुतेक वाटेवर रेंज नाही. जुलै ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम, डोंगरावर जायचं तर आधी विचारा. आणि घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. मेहुण्यानं सांगितलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला ग्लासगोत सतरा फोन केले होते.

फक्त गाव बघायचं असेल तर माझा सल्ला साफ आहे: ग्लासगो ते मॅलेग रेल्वेनं या, ग्लेनफिननचा पूल वाटेतच लागतो, आणि तिथून बोट घ्या. अर्ध्या-पाऊण तासात पोचाल, ताजेतवाने. चालायचंच असेल तर बोटीनं आत या, इन्व्हरीहून बॅरिसडेलपर्यंत जा आणि त्याच वाटेनं परत या. लॉख होर्नचा तो टप्पा ज्यांना स्वतःला काही सिद्ध करायचंय त्यांनी करावा. मला करायचं होतं, झालं.

बोटीचं तिकीट आधी काढा, उन्हाळ्यातसुद्धा. आम्हाला सकाळची फेरी भरलेली मिळाली, दुपारच्या फेरीत दोन जागा कशाबशा निघाल्या. लॉख नेव्हिसच्या तोंडाशी खडकावर मेरीमातेचा पांढरा पुतळा आहे, मेहुण्यानं फोटो काढायला हात वर केला आणि लाटेचं पाणी थेट मोबाइलवर आलं. “दाजी,” तो म्हणाला, “हे तरी सपाट असेल असं वाटलं होतं.”