तुम्ही विचारलंत म्हणून : सुपरचार्जरच्या इंजिनाला हेड गॅस्केट किती जाड?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा भागात इंजिनांचे हेड फेसिंग (हेड सपाट करणे) आणि रिबोअर (सिलिंडर मोठे करणे) अशी कामे करत असल्यामुळे बीड, परभणी, लातूरकडून येणारी हौशी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात : "दादा, पेट्रोल गाडीला सुपरचार्जर बसवतोय, कॉम्प्रेशन कमी करायला हेडचे पॅकिंग किती जाड टाकू?" सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर, आणि हेडचे पॅकिंग म्हणजे सिलिंडरचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये बसणारे हेड गॅस्केट. जास्त हवा भरल्यावर पेट्रोल-हवेचे मिश्रण आपोआप पेटून ठोके देऊ नये, ज्याला नॉकिंग म्हणतात, म्हणून पिस्टन ते मिश्रण किती दाबतो, म्हणजे कॉम्प्रेशन, ते कमी करायचे असते. दोन मिलिमीटर की तीन, एवढा आकडा मिळाला की त्यांचे काम झाले. माझ्या उत्तराने बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण मी म्हणतो की मूळ गॅस्केटपेक्षा जाड टाकूच नका.

हा प्रश्न मुळात का पडतो, ते मला समजते. आपल्याकडचे मिस्त्री डिझेलवर हात बसलेले असतात, आणि अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केटे दोन-तीन जाडींत मिळतात. कडेला असलेल्या खाचा किंवा छिद्रे मोजून जाडी ओळखायची, हे तिथे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. त्यातून गॅस्केट म्हणजे कॉम्प्रेशन वर-खाली करण्याचे साधन, असा समज रुजला आहे. प्रत्यक्षात डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किती वर येतो हे डायल गेजने मोजतात आणि त्यानुसार गॅस्केट निवडतात, ते पिस्टन आणि हेड यांच्यातील फट ठरलेली तेवढीच राहावी म्हणून. ज्या गोष्टीचा उद्देश फट कायम राखणे हा आहे, तिचाच दाखला देऊन पेट्रोलवाले फट वाढवायला निघतात.

आकड्यांत बोलू. माझ्याकडे आलेल्या एका जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिलिमीटर होता, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२५ सीसी. पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा ब्युरेटने मोजली, ती ३८ सीसीच्या जरा वर निघाली. दोन्हींची बेरीज करून तिला उरलेल्या जागेने भागले की कॉम्प्रेशन रेशो मिळतो. येथे तो ९.५ आला. गॅस्केटचे छिद्र ७५ मिलिमीटरचे धरले तर जाडी १ मिलिमीटरने वाढवल्यावर जागा साडेचार सीसीच्या आसपास वाढते आणि रेशो ८.६ वर येतो. कागदावर हा व्यवहार इतका स्वस्त आणि सरळ दिसतो की मीही एकदा त्याला भुललो.

ती हकिकत याच जिप्सीची आहे. मालक बीडकडचा, खासगी जागेत डोंगरदऱ्यांत गाडी पळवण्याचा नाद असलेला. मूळ गॅस्केट दाबल्यावर ०.८ मिलिमीटर भरत होते. मी तांब्याच्या २ मिलिमीटर पत्र्याचे गॅस्केट कापले, ते तापवून मऊ केले आणि रेशो ८.५ च्या जवळ आणून सुपरचार्जर जोडला. दाब माफक होता, अर्ध्या बारच्या, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण निम्म्याच्या आत. तरीही मे महिन्यात कन्नडचा घाट चढताना इंजिनाने नॉकिंग सुरू केले, आणि दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट उडाले. हेड उतरवले तेव्हा पिस्टनच्या कडा बारीक वाळूचा मारा बसावा तशा टोचलेल्या होत्या. गॅस्केट हे केवळ शेवटचे बळी होते. घाव आधी पिस्टनवर पडत होते. रेशो पूर्ण एक अंकाने उतरवूनही नॉकिंग का झाले, हा प्रश्न मला पुढचे कित्येक दिवस सतावत राहिला.

त्याचे अर्धे उत्तर फटीत आहे. पिस्टन वर पोहोचताना त्याची सपाट कड आणि हेडची सपाट कड यांच्यात सापडलेले मिश्रण पिळले जाऊन मध्यभागी, स्पार्क प्लगकडे फेकले जाते. त्या घुसळणीमुळे ज्वाला झपाट्याने पसरते, आणि कडेला जे थोडे मिश्रण उरते ते दोन थंड धातूंच्या मध्ये पातळ थरात असल्यामुळे आपोआप पेट घेण्याइतके तापत नाही. ही फट साधारण १ मिलिमीटर असेल तर हे काम चांगले होते, आणि दोनच्या पुढे गेली की जवळजवळ थांबते. आमच्या इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या पातळीपेक्षा ०.२ मिलिमीटर खाली थांबत होता, म्हणजे मुळात फट बरोबर १ मिलिमीटर होती आणि मी ती स्वतःच्या हाताने २.२ केली होती. कॉम्प्रेशन कमी करून नॉकिंग टाळण्यासाठी जी तरतूद केली, तिनेच नॉकिंग रोखणारी मूळ रचना मोडून टाकली. शिवाय हेड वर उचलले गेल्यामुळे कॅमचे टायमिंगही (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) थोडे हलले होते, ज्याचा मी विचारही केला नव्हता.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या उन्हात आहे. दाबाला कॉम्प्रेशनने गुणून अमुक रेशो होतो असा एक तक्ता पुष्कळ जण खिशात घेऊन फिरतात. वातावरणाचा एक बार आणि वरचा अर्धा मिळून दीड, त्याला ८.५ ने गुणले की पावणेतेरा, अशी त्याची रीत. त्या तक्त्याला तापमान दिसत नाही, म्हणून मला त्याचा भरवसा वाटत नाही. हवा दाबली की ती तापते. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांची हवा आत घेऊन, ६० टक्के कार्यक्षमतेच्या ब्लोअरने अर्धा बार दाब दिला, तर ती सुमारे १०५ अंशांवर बाहेर पडते. सिलिंडरमध्ये पिस्टन तिला आणखी दाबतो, आणि आत शिरताना असलेला प्रत्येक जास्तीचा अंश शेवटी दोन अंशांहून मोठा होऊन दिसतो. ढोबळ हिशेबाने रेशो ९.५ वरून ८.५ केल्यास दाबणीच्या अखेरचे तापमान ३० अंशांच्या आसपास उतरते. तीच १०५ अंशांची हवा इंटरकूलरने, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीने, ६० वर आणली, तर ते नव्वदहून अधिक अंशांनी उतरते. थंड प्रदेशातल्या लोकांनी इंटरकूलरशिवाय चालवलेल्या गाड्यांचे दाखले मराठवाड्यात उपयोगी पडत नाहीत.

दुसऱ्यांदा बांधताना मी म्हणूनच क्रम उलटा केला. इंटरकूलरची जागा आणि वारा आधी निश्चित केला. मग नव्या पिस्टनच्या माथ्याची जाडी तपासून मध्यभागी ६० मिलिमीटर व्यासाची, जेमतेम १ मिलिमीटर खोल बशी लेथवर काढली. भोवतालची कड मात्र सपाट ठेवली. तेवढ्याने सुमारे ३ सीसी जागा मिळाली आणि रेशो ८.९ झाला. गॅस्केट पुन्हा ०.८ मिलिमीटरचेच, फटही पूर्वीसारखी १ मिलिमीटर. ती खरोखर तेवढी आहे का, हे पाहण्यासाठी पिस्टनवर पिनच्या रेषेत मऊ सोल्डरची तार ठेवून इंजिन हाताने एक फेरा फिरवले आणि दबलेली तार मायक्रोमीटरने मोजली. दाब वाढतो तसे इग्निशन काही अंश मागे घेतले, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल असे केले. आधीपेक्षा जास्त कॉम्प्रेशनवर तीच गाडी तोच घाट निमूटपणे चढली.

गॅस्केट कसले, यावर थोडेच लिहितो. स्टीलच्या अनेक पातळ थरांचे, ज्याला सगळे एमएलएस म्हणतात, तेच घ्यावे. त्याचे उभार स्प्रिंगसारखे काम करत असल्यामुळे हेड किंचित हलले तरी ते चिकटून राहते. मात्र त्याला हेड आणि ब्लॉक दोन्ही आरशासारखे नव्हे, पण एक मायक्रॉनच्या आसपास खडबडीतपणा इतके गुळगुळीत लागतात. जुन्या पद्धतीने पट्ट्यावर घासलेल्या हेडवर ते पाणी सोडते आणि मग दोष गॅस्केटला लागतो. दोन गॅस्केटे एकावर एक ठेवण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ऐकून सोडून द्यावी. ताणून बसणारे हेड बोल्ट एकदा सोडले की नवेच घ्यावेत.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. काही अंशी आपल्याच कारखान्यांच्या उसाचे हे देणे नॉकिंगच्या बाबतीत उपकारकच आहे, पण तेवढ्याच हवेला ते अधिक इंधन मागते, आणि इंधनाच्या जुन्या सेटिंगवर चालणारे इंजिन त्यामुळे कोरडे पडते, म्हणजे त्याला हवेच्या मानाने इंधन कमी पडते. तेव्हा मिश्रण दाबाखाली तपासल्याशिवाय घाटात जाऊ नये. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत असा बदल परिवहन खात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, हेही मी प्रत्येकाला सांगतो, ऐकतात थोडे.

तेव्हा जाडीचा आकडा विचारायला येणार असाल, तर पिस्टन ब्लॉकच्या किती खाली थांबतो ते मोजून या, आणि उतरवलेले जुने गॅस्केट भंगारात न टाकता सोबत आणा. त्याच्या कडेला दाब कुठून निसटत होता याचा काळा माग असतो, आणि दाबलेल्या जागी त्याची जाडीही मायक्रोमीटरने तिथल्या तिथे मोजता येते.