चित्रकाराचा रकाना

आमच्या संग्रहालयाच्या आवक नोंदवहीचे दोन भाग आहेत, 'ललित कला' आणि 'लोकजीवन'. पहिल्यात 'चित्रकार' असा रकाना आहे, दुसऱ्यात त्याच जागी 'जमात'. वारली चित्रं कायम दुसऱ्यात, नांगर आणि इरल्यांच्या शेजारी. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली, तरी वहीत एक रकाना वाढला नाही. दर वेळी ती वही उघडली की मला संताप येतो.

म्हणून या पावसाळ्यातल्या प्रदर्शनासाठी मी हट्टानं उभी राहिले. डहाणूकडच्या एका तरुण वारली चित्रकर्तीनं कलेचा इतिहासच गेरूवर मांडला होता. सगळ्यात मोठ्या चित्रात मुंबईतल्या कलाशाळेचा वर्ग आहे. मधोमध स्टुलावर टोपीवाला साहेब मान ताठ धरून बसलाय आणि भोवतीच्या सवाशिणी बांबूच्या काडीनं त्याला रंगवताहेत. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात कॅनडातल्या क्री या आदिवासी समाजाचे चित्रकार केंट मंकमन यांनी, वॉशिंग्टन नदी ओलांडतानाच्या प्रसिद्ध चित्रातल्या नावेत, आपली माणसं उभी केली होती. तीच धमक मला इथे दिसली, आणि इथली भाषा पूर्णपणे तिची स्वतःची आहे.

या चित्रांचा सांभाळ किती नाजूक असतो ते बाहेर कळत नाही. तांदळाचं पीठ म्हणजे कसरीचं जेवण. त्यात समुद्राची दमट हवा, जुलैत भिंतींनाही ओल. डीह्युमिडिफायरची बादली रात्रीतून भरते आणि लाइट गेली की सगळं मुसळ केरात. शेण-गेरूचा थर दमटपणानं फुगला की पापुद्रे सुटतात. नव्या चित्रांत पिठाऐवजी पांढरा रंग आणि फेव्हिकॉल असतं, ती टिकतात. जुन्यांना हात लावायचा तर श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो.

तिला समोरच्या भिंतीवर आमच्याच भांडारातला एक जुना लग्नचौक, म्हणजे लग्नघरात देवीसाठी काढतात ते चौकोनी चित्र, हवा होता. वहीत नोंद एवढीच: 'वारली, डहाणू तालुका'. मांडणीच्या दिवशी मी तो टेबलावर आडवा ठेवून बाजूनं तिरका प्रकाश टाकला. असा प्रकाश पडला की पिठाची रेघ उंचवट्यासारखी उठून दिसते. काडी कुठे बुडवली, कुठे कोरडी पडली, सगळं कळतं. चित्रकर्तीची आत्या सोबत आली होती. चौकातल्या पालघाट देवीशेजारच्या फणीवर ती वाकली आणि म्हणाली, "ही माझ्या आईची. दात असेच वाकडे काढायची."

मला इतका आनंद झाला की मी लगेच पेन काढलं. भाचीचंही तेच म्हणणं, आजीचं नाव ठळक लावा. आत्यानं मात्र मान हलवली.

"फणी तिची. घोडा तिचा नाय. चौघी होत्या, बाई. चौक एकटीनं लिहीत नाहीत."

"मग चौघींची नावं लिहू या," मी म्हणाले.

"आन धवलेरीचं? तिनं गाणं म्हटलं तवा देवी आली ना?" धवलेरी म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई.

भाची चिडली. पुरुषांची नावं जगभर गेली, बायकांच्या वेळीच 'सगळ्यांचं' कसं होतं, असं ती म्हणाली. तिचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. चौक लिहिणं मुळात बायकांचं काम, आणि कागद आल्यावर नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. पण आत्याचंही मी खोडून काढू शकत नाही. लग्नाच्या घरात ज्या हातांनी देवी बसवली, त्यांतला एकच हात वेगळा काढून त्याला 'चित्रकार' म्हणायचं, तर 'ललित कला'चा रकानाही त्या बायकांच्या मापाचा उरत नाही. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले, तो रकाना असा अपुरा निघाला.

शेवटी पाटीवर तिघींची नावं गेली. चौथी जव्हारकडची सून होती, तिचं नाव आत्याला आठवेना, तेही तसंच लिहिलं. खाली धवलेरीचं नाव. उद्घाटनाला लोक साहेबाच्या चित्रापुढे फोटो काढत राहिले, पाटी वाचायला फार थोडे थांबले, याचं वाईट वाटलं.

वरच्या कार्यालयाकडून पत्र आलंय: संगणकात एकच नाव मावतं, एक द्या किंवा 'अज्ञात' भरा. मी 'अज्ञात' भरणार नाही. पाचही ओळी जोडपत्र म्हणून पाठवल्यात. आत्या लावणी उरकली की माझ्याबरोबर जव्हारला यायला तयार आहे, त्या सुनेच्या माहेरी.