दोन जीबी, तीस रुपये

दसरा झाला की माझ्या दुकानात कव्हर, टफन ग्लास कोणी बघतसुद्धा नाही. खपतं ते मेमरी कार्ड. बीड जिल्ह्यातल्या आमच्या धारूर तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या असतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हातात आलेली, ट्रक यायला दोन-चार दिवस राहिलेले, अशात माणसं फोन घेऊन काउंटरला येतात. "भाऊ, पाडव्यापर्यंत पुरलं पाहिजे, असं भरून दे."

हे भरून देणं मी २००९ पासून करतोय. तेव्हा पाठीमागे वाटीएवढा स्पीकर असलेले चायना मोबाइल होते आणि दोन जीबीचं कार्ड म्हणजे चैन होती. एक गाणं चार-पाच एमबीचं, म्हणजे एका कार्डात चारशेच्या आसपास. दर तीस रुपये. माझ्या संगणकावर फोल्डर होते: भक्ती, भीमगीतं, लग्न, डीजे, कीर्तन कॉमेडी. आणि एक बिननावाचं, जे तरुण पोरं नुसत्या खुणेनं मागायची. व्हिडिओ थ्रीजीपी या हलक्या फॉरमॅटमधले, तळहाताएवढ्या स्क्रीनवर माणसाचं नाक कुठं आणि डोळा कुठं ते अंदाजानं ओळखायचं.

ही सगळी गाणी मी फुकटच्या वेबसाइटांवरून उतरवायचो. त्या वेबसाइटा प्रत्येक फाइलीत स्वतःचं नाव घालून ठेवायच्या. त्यामुळे गाणं लागलं की गायकाच्या नावाच्या जागी स्क्रीनवर डब्लू डब्लू डब्लू असं काहीतरी सरकत जायचं. एक म्हातारे बाबा बरेच दिवस त्यालाच गायक समजत होते. दर हंगामाला यायचे आणि म्हणायचे, "त्या डब्लूवाल्याचं अजून एखादं टाक रे. गळा चांगलाय त्याचा." मी हसायचो आणि टाकायचो. गळा खरा कुणाचा, हे मलाही माहीत नसायचं.

चोरी आहे हे कळत नव्हतं असं नाही. "कंपनीची माणसं पोलिस घेऊन केजला आलीत" असा फोन आला की कार्डरीडर खिशात आणि मी चहाला. कलम फार उशिरा कळलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड पन्नास हजार ते दोन लाख. तीस-तीस रुपयांनी दोन लाख किती वर्षांत जमले असते, याचा हिशोब एकदा केला होता. बायकोला सांगितला नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि आम्हाला वाटलं, संपला हा धंदा. संपला नाही. कारण उसाच्या फडात. सांगलीकडे, बेळगावकडे ही माणसं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतात, तिथं लाइट नाही. फोन चार्ज करायचा तर कुठल्यातरी टपरीवर दहा रुपये देऊन. रेंज शोधत बसलेला फोन दुपारपर्यंत झोपतो. विमानाचं चिन्ह दाबून नुसतं कार्डातलं गाणं वाजवणारा दोन दिवस जातो. यूट्यूबवर डाउनलोड आहे, पण ते ॲपच्या आतच कोंडलेलं. गॅलरीत दिसत नाही, ब्लूटूथनं शेजारच्या कोपीत जात नाही, आणि फुकटवाल्याला ४८ तासांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं. पहाटे चारला फडात उतरणाऱ्याला कोण सांगणार हे? त्याचं एकच म्हणणं: फोनात पाहिजे.

२९ जून २०२० ला सरकारनं एका रात्रीत ५९ ॲप बंद केली. लोकांना त्यातलं टिकटॉक आठवतं. आम्हा दुकानदारांना जास्त लागलं ते शेअरइट आणि झेंडर जाण्याचं. दहा मिनिटांत पिक्चर या फोनातून त्या फोनात जायचा. टिकटॉकचं एक मात्र मानायला पाहिजे. व्हिडिओ सेव्ह केला की बनवणाऱ्याचं नाव त्यावर छापून यायचं, तेही एका जागी नाही, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या मारत. एक बाजू कापली तरी नाव दुसऱ्या बाजूला हजर. ते ॲप गेलं, पण आमच्याकडच्या पोरांचे तेव्हाचे व्हिडिओ अजून गॅलऱ्यांमध्ये आहेत, नावासकट.

आता लोक स्टेटस मागतात. "पाव्हण्यांनी ठेवलेलं स्टेटस मला पाहिजे." त्यासाठी जाहिरातींनी भरलेली ॲप टाकून घेतात आणि मग फोन जाम झाला म्हणून माझ्याकडेच येतात. त्याची काही गरज नाही. एकदा पाहिलेलं स्टेटस व्हॉट्सॲपच्या मीडियामध्ये एका लपलेल्या फोल्डरात येऊन पडलेलंच असतं; त्याच्या नावाआधी टिंब असतं म्हणून दिसत नाही. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवा असं म्हणायचं आणि चोवीस तासांच्या आत उचलायचं. मी स्वतःही असंच उचलतो, न विचारता. चांगलं दिसलं की माझ्या 'ऊसतोड' फोल्डरात.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर एक बाई आल्या. आमच्या बाजूच्याच गावच्या, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी. फोनमध्ये इन्स्टाग्रामवरचा एक व्हिडिओ उघडून माझ्यापुढे धरला. "भाऊ, हा फोनात घालून दे." उसाच्या मोळ्या बांधता बांधता एक बाई ओवी गातेय, डोक्याला रुमाल, चेहरा अर्धा वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, आड. मागून कुणीतरी बासरी चिकटवलेली. वर 'शेतकऱ्याची लेक' असं पिवळ्या अक्षरांत, खाली कोपऱ्यात पेजचं नाव, आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक फुलाचं स्टिकर विनाकारण. लाखाच्या वर लोकांनी पाहिलेला.

मी म्हटलं, छान गातेय. त्या म्हणाल्या, "मीच हाय की ती."

स्टिकरखाली त्यांच्या पोराच्या खात्याचं नाव होतं. त्यानंच तो व्हिडिओ शूट करून इन्स्टाग्रामवर चढवला होता, तीनशे-साडेतीनशे लोकांनी पाहिला होता. पुढे कुणीतरी खाली घाण लिहिलं म्हणून पोरानं खातंच उडवलं, आणि फोन ट्रॅक्टरखाली गेला. म्हणजे तिचा स्वतःचा आवाज आता फक्त त्या पेजवर शिल्लक होता, दुसऱ्याचं नाव आणि बासरी लावून. तोच उतरवायला ती माझ्याकडे आली होती.

मला कसंतरी झालं. व्हिडिओ ओळखीचा वाटत होता म्हणून 'ऊसतोड' फोल्डर उघडला. होता. कुणाच्या तरी स्टेटसवरून कधीतरी उचललेला, विरलेल्या लुगड्यासारखा पुसट, पण बासरी नाही, स्टिकर नाही. आणि पेजवाल्यानं जिथं कापला त्याच्या पुढची आठ-दहा सेकंदंही होती. ओवी मध्येच तोडून बाई गाडीकडे बघून पोरावर ओरडते, बैलाच्या पायात जाऊ नको म्हणून, आणि एक सणसणीत शिवी घालते. त्या एका फाइलीतून मी आतापर्यंत चाळीसेक कार्डं तरी भरली असतील. फाइलीला नाव होतं 'बाई ओवी टू'.

माझे एक गिऱ्हाईक वकील आहेत. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, ओवी कुणाची असं सांगता येणार नाही, ती सगळ्यांची. पण गाणारीचा हक्क वेगळा, कलम ३८, पन्नास वर्षांचा. मग आम्ही इन्स्टाग्रामचा तक्रारीचा फॉर्म उघडला. त्यात मूळची लिंक विचारली. ती कुठून आणणार? ईमेल विचारला. तो मी काढून द्यायला बसलो, तशी बाई म्हणाली, "व्हिडिओ बंद पडंल का मग?" हो, म्हटलं, काढून टाकतील.

"काढायला कशाला लावता? चाललाय तर चालू द्या. माझं नाव तेवढं लिवायला सांगा."

वकील हसले. गाणाऱ्याचं नाव लागलंच पाहिजे हा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनं आलाय, ३८ ब, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. बाईला न वाचता कलम कळलं होतं. पेजवाल्याला मी मेसेज टाकला, तिचं नाव, गाव, सगळं नीट लिहून. चार दिवसांनी उत्तर आलं: हात जोडलेले आणि पेड प्रमोशनचे दर. नाव अजून लागलेलं नाही.

माझ्याकडच्या फाइलीचं नाव मी बदललं. तिचं पूर्ण नाव, गाव, ओवी. कीबोर्डवर तिच्यासमोर टाइप केलं. तिनं एक वेलांटी दुरुस्त करून घेतली. चाळीस कार्डांतली 'बाई ओवी टू' आता कुठकुठल्या फडात वाजतेय, ती परत आणता येणार नाही.

कार्ड भरलं, तिनं लावून बघितलं. शेवटाला आली आणि पदर तोंडाला लावला. "ही शिवी काढ माय! सासरा ऐकंल." मी तिच्यासमोरच तेवढा तुकडा कापला आणि कार्ड दिलं. तिनं तीस रुपये ठेवले, बाहेर नवरा मोटारसायकल चालू करून उभा होता.

अख्खा व्हिडिओ माझ्या संगणकावर तसाच आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही.