तुम्ही विचारलंत म्हणून: बारबेल, मेडिकल आणि ब्रांच

मेडिकलला नुकताच प्रवेश घेतलेली मुलं-मुली मला हा प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: पॉवरलिफ्टिंग (बारबेल, म्हणजे दांड्याला लावलेली जड वजनं उचलण्याचा खेळ) मनापासून करायचंय, मग मेडिकल कसं निभावायचं? आणि पुढे व्यायामाला वेळ उरेल अशीच ब्रांच (एमबीबीएसनंतरची स्पेशालिटी) घ्यायची का? पहिल्या भागाचं उत्तर तुलनेने सोपं आहे. दुसऱ्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय.

ताकद कमवायला जेवढं करावं लागतं, त्याच्या मानाने ती टिकवायला फार थोडं पुरतं. बिकेल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांकडून १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा पायांचा जड व्यायाम करून घेतला. पुढचे ३२ आठवडे एका गटाचा व्यायाम थेट नवव्या हिश्श्यावर आणला, म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आणि प्रत्येक व्यायामाचा एकच सेट (सलग केलेल्या आवर्तनांची एक फेरी). वजनं मात्र हलकी केली नाहीत. तरुणांनी कमावलेलं एवढ्यावर टिकलं. साठीच्या पुढच्यांची ताकदही टिकली, पण त्यांच्या स्नायूंची वाढ टिकवायला एवढा डोस अपुरा पडला. तेव्हा परीक्षेचा महिना आला की घाबरू नका. सेट कमी करा, दिवस कमी करा, पण बारवरचं वजन उतरवू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: रोज जिमला जातात आणि थकलोय म्हणून हलकं हलकं उचलून येतात. त्यात वेळही जातो आणि ताकदही.

दुसरी गोष्ट वारांची. ‘सोमवारी स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन उठबस), गुरुवारी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं)’ हे वेळापत्रक क्लिनिकल पोस्टिंग सुरू होईपर्यंतच चालतं. नंतर वार विसरा आणि फक्त क्रम ठेवा. एक सेशन स्क्वॉट आणि बेंचचं (आडवं पडून छातीवरून बार ढकलणं), दुसरं डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेसचं (उभं राहून बार डोक्यावर ढकलणं). जेव्हा सवड मिळेल तेव्हा क्रमाने जे आलं असेल ते करायचं. चार दिवस गेले तरी काही बुडालेलं नसतं. बुडालेल्या सेशनचं दडपण गेलं की अभ्यासही बरा होतो, हे मी अगदी खात्रीने सांगते.

नाइट ड्युटी झाली की मात्र कडक राहा. एका पूर्ण रात्रीच्या जागरणाने स्नायूंतली प्रथिननिर्मिती १८ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती अंदाजाची. ‘अजून दोन रेप (आवर्तनं) निघतील’ हा अंदाज जागलेल्या डोक्याला नीट बांधता येत नाही, आणि बार पाठीवर असताना तो अंदाजच तुम्हाला सांभाळतो. आधी झोपा. बार कुठे जात नाही.

हातांबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. डेडलिफ्टने तळव्याला घट्टे पडतात आणि एखाद्या दिवशी त्यातला एक सोलून निघतो. एरवी टेप लावून भागतं. पण दुसऱ्या दिवशी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) स्क्रब करायचं, म्हणजे शस्त्रक्रियेआधी हात निर्जंतुक करायचे असतील, तर उघड्या जखमेवर अल्कोहोलचा रब काय आग लावतो ते लागल्यावरच कळतं. आग सहन होईल, पण हातावरची उघडी जखम हा संसर्गाचा रस्ता आहे, तुमच्यासाठी आणि पेशंटसाठीही. अंघोळीनंतर त्वचा मऊ असते तेव्हा घट्टे घासून सपाट ठेवा, आणि सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये हूक ग्रिपचा (अंगठा बोटांखाली दाबून बार धरण्याचा) हट्ट नको, सरळ स्ट्रॅप (मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचा पट्टा) वापरा. तसंच लांबलेल्या शस्त्रक्रियेत रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) धरून उभं राहायचं असेल, त्याच्या आदल्या दिवशी जड डेडलिफ्ट टाळा. ताठरलेली कंबर घेऊन तासन्‌तास एकाच जागी उभं राहणं फार जड जातं.

आता ब्रांच. त्वचारोग, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी यांच्या वेळा सर्जरीपेक्षा बऱ्या असतात, हे खरं आहे आणि त्याचा विचार करणं यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याला त्या विषयाची ओढ आहे त्याने वेळेचा फायदाही जरूर मोजावा. माझी हरकत आहे ती रेसिडेन्सीच्या, म्हणजे ब्रांचच्या प्रशिक्षणाच्या, तीन-चार वर्षांकडे बघून पुढच्या तीस वर्षांचं काम ठरवण्याला. ताकद टिकवायला किती थोडं लागतं ते वर सांगितलंच आहे. तेवढं कुठल्याही ब्रांचमध्ये जमतं. मग केवळ बारबेल वाचवण्यासाठी ब्रांच निवडायचं कारणच उरत नाही.

दुसरी समजूत अशी की वजन उचलणाऱ्याने ऑर्थोपेडिक्स किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच घ्यावं. खेळाडूंवर उपचार करणं छानच आहे. पण ताकदीची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे? जी आजी खुर्चीतून हात न टेकवता उठू शकत नाही, तिला.

थॉमस डीलॉर्म हे अमेरिकन लष्करातले डॉक्टर स्वतः वजनं उचलायचे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर तेव्हा हलके, भरपूर आवर्तनांचे व्यायाम चालायचे. त्यांनी त्याऐवजी जड वजन दिलं, आणि १९४५ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. पुढे सहकारी डॉक्टर वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी दहा-दहा रेपचे तीन सेट अशी पद्धत बसवली. आज जगभरच्या जिममध्ये चालणारे तीन सेट म्हणजे मुळात रुग्णांसाठी लिहिलेली औषधाची मात्रा! १९९० मध्ये फियातारोने आणि सहकाऱ्यांनी हेच वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांसोबत केलं. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा लेख वाचला आणि मला माझी ब्रांच दिसली. मी फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशन (थोडक्यात रिहॅब: आजार-दुखापतीनंतर हालचाल परत मिळवून देणारी ब्रांच) घेतलं.

तिथे रोज काय होतं ते सांगते. वयस्कर पेशंट खुर्चीतून उठताना बहुतेकदा पाय पुढे पसरून, पाठ मागे टेकूनच जोर लावतात, आणि उठता आलं नाही की म्हणतात, ‘डॉक्टर, पायांत जीवच नाही राहिला.’ मी आधी त्यांना खुर्चीच्या काठावर पुढे सरकायला सांगते. मग पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. आता जमिनीला ढकला. पुष्कळदा त्याच क्षणी ते उठतात, कारण वजनाचा मध्य पावलांवर आलेला असतो. हा स्क्वॉटच आहे. खाली बसताना धप्पकन न बसता हळू बसायचं, हाही त्याचाच दुसरा अर्धा भाग. मग खुर्ची थोडी बुटकी करायची, नंतर हातात वजन द्यायचं. हात न वापरता पाच वेळा उठबस करायला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर सार्कोपेनियाच्या (वयाबरोबर स्नायू आणि ताकद घटण्याच्या) युरोपीय निकषांप्रमाणे ताकद कमी असल्याचा संशय घ्यायचा. घड्याळ आणि खुर्ची, बस. एवढ्यात होणारी तपासणी किती वॉर्डांमध्ये होते?

बारबेलखाली घालवलेल्या वर्षांचा इथे मला खरा उपयोग होतो. पेशंटचा सेट खरंच कठीण होता की त्याने आधीच सोडून दिला, हे मला रेपच्या वेगावरून कळतं. भीतीने थांबणं आणि थकून थांबणं यांतला फरक मी स्वतःच्या अंगावर ओळखते.

तरीही तुम्हाला सर्जरीच आवडत असेल, तर सर्जरीच घ्या. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी स्पर्धा ठेवू नका, आठवड्यातून एक जड सेशन धरा, आणि टोटल (स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट या तिन्हींच्या सर्वोत्तम वजनांची बेरीज) घसरली तर घसरू द्या. एकदा कमावलेली ताकद परत यायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. आणि रिहॅबचा विचार डोक्यात असेल, तर पोस्टिंगची वाट न बघता परवानगी काढून तिथे एक आठवडा काढा. सकाळच्या राउंडला नको. पेशंट उभे राहायला शिकत असतात, त्या थेरपीच्या वेळेला जा.