ग्रासमधल्या साबणावरचं नाव

नीस, मोनाको, समुद्र वगैरे चार दिवस मजेत गेले. फोटो टाकून झालेत, त्यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही. लिहायचंय ते दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासबद्दल.

कान शहरातून एक छोटी ट्रेन डोंगर चढते आणि गावाच्या पायथ्याशी सोडून देते. पुढचा चढ आपल्या गुडघ्यांचा. ग्रास म्हणजे अत्तरांचं गाव, आणि जिकडे बघावं तिकडे एकच नाव, फ्रागोनार. गावच्या या थोर चित्रकाराचं नाव 1926 साली अत्तराच्या कारखान्याला दिलं गेलं, ते आता साबणांवर, पिशव्यांवर, सगळीकडे आहे.

आदल्या रात्री हॉटेलातला एसी बंद होता. झोप येईना म्हणून या फ्रागोनारबद्दल वाचत पडले, तर त्याची बायको सापडली. मारी-आन जेरार, जन्म 1745, तीही ग्रासचीच. हस्तिदंताच्या पातळ कापावर जलरंगांत तळहातात मावतील एवढाले चेहरे रंगवायची. 1769 मध्ये लग्न झालं आणि बाई फ्रागोनार झाल्या. घरात एकच आडनाव, तेही गाजलेलं. मग तिची लघुचित्रं नवऱ्याच्या खात्यावर जमा होत गेली. ती तिची आहेत हे पिएर रोझनबेर्ग या कला-इतिहासकाराने मांडलं 1996 साली. बाईंना जाऊन तोवर 173 वर्षं झाली होती! धाकटी बहीण मार्गरीट तिच्याच घरी राहून भाऊजींकडे चित्रकला शिकली. तिने लग्न केलं नाही. ती शेवटपर्यंत जेरारच राहिली आणि नाव कमावलं.

मला आमची आई आठवली. तिच्या ट्रंकेत इंटरमीजिएट ड्रॉइंगचं सर्टिफिकेट आहे, ए ग्रेडचं. त्यावरच्या नावाने तिला आता कुणीच हाक मारत नाही. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, तिथेच ते संपलं.

1790 मध्ये हे कुटुंब पॅरिसहून ग्रासला नात्यातल्या एका घरी येऊन राहिलं. तिथे आता संग्रहालय आहे. राजाच्या मर्जीतल्या मादाम द्यु बारीने नाकारलेली फ्रागोनारची प्रचंड चित्रं तेव्हा सोबत आणली होती. मूळ चित्रं आज न्यूयॉर्कला आहेत, इथे नकला. नकलांसाठीसुद्धा अख्खा दिवाणखाना! मी मात्र त्या खोलीत वेगळाच हिशेब करत उभी होते. बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या. अठरा वर्षांची लेक रोझाली जाऊन दोनच वर्षं झालेली. अशा वेळी माहेरच्या गावी येताना तिने आपले रंग, ते केसाएवढे बारीक ब्रश बांधून घेतले असतील का?

"अगं, किती वेळ? नकलाच आहेत ना?" नवरा बाकावर वैतागून बसला होता.

एवढं चिडूनही मी साबण घेतलेच. तीन. वास खरंच छान आहे, काय करणार! पैसे देताना मात्र डोक्यात लख्ख पडलं. मारी-आनचे वडील, क्लोद जेरार, याच गावात अत्तरं करायचे. म्हणजे अत्तराचा धंदा तिच्या माहेरचा, आणि बाटलीवर नाव सासरचं.

घरी आल्यावर सासूबाईंनी साबण उलटसुलट करून पाहिला. "हा फ्रागोनार कोण गं?"

"ग्रासच्या एका अत्तरवाल्याचा जावई," मी म्हटलं.